बोलायची जागा

फ्रिज घुरघुरला, म्हणजे हेही रेकॉर्डिंग वाया गेलं.

पलंग आणि कपाट यांच्या मधे दोन रजया टांगून केलेल्या तंबूत गुंडी माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. ओठ मिटलेले, डोळे माझ्या बोटावर. बोट वर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि बोट खाली आलं की तिने पुढचं वाक्य म्हणायचं, हा आमचा नियम. बोट वरच होतं, दुपारची सगळी इमारत कधी नव्हे ती गप्प होती आणि नेमकी स्वयंपाकघरातली मोटर सुरू झाली. गुंडीने दचकून माझ्याकडे पाहिलं.

"मी नव्हते," ती कुजबुजली.

"माहीत आहे. फ्रिज होता."

"त्याला तिथून बोट दिसत नाही," तिने त्याची बाजू घेतली.

माझी ही मुलगी जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती म्हणून तिला गुंडी म्हणायला लागलो. पुढे तिच्या वागण्यामुळे ते नाव जास्तच शोभलं. या गोष्टीच्या वेळी ती पाच वर्षांची होती आणि माझ्या धंद्यात निम्म्याची भागीदार.

धंदा म्हणजे मी परदेशातल्या लोकांना इंटरनेटवरून आपली भाषा शिकवते. ज्या साइटवर माझं शिक्षिका म्हणून नाव आहे, तिथे भाषांची यादी उघडली की आपली दिसायला बराच वेळ बोट सरकवावं लागतं. मोठ्या भाषांसाठी जगाने काय काय करून ठेवलंय. गाणी, खेळ, व्हिडिओ, चुका सुधारणारी पानं, अगदी भांडायचं कसं हे शिकवणारे वर्गसुद्धा. आपल्या भाषेसाठी एक व्हिडिओमाला आहे, ती करणाऱ्या बाईंनी बहुधा लग्न झाल्यावर अर्ध्यात सोडलेली, आणि एक अॅप आहे, ज्यातला पुरुष प्रत्येक वाक्य सूचना दिल्यासारखं वाचतो. ते अॅप पूर्ण केलेले लोक माझ्याकडे येतात आणि अभिमानाने सांगतात, "माझ्या काकांच्या दुकानात तीन छत्र्या आहेत." मी म्हणते, वा. मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात करतो.

म्हणून ऐकायचे धडे मी स्वतःच करते. पद्धत सोपी आहे. एक वाक्य म्हणायचं, मग थोडी जागा सोडायची, मग पुढचं वाक्य. त्या जागेत शिकणाऱ्याने बोलायचं. तिला मी बोलायची जागा म्हणते. बाकीचे शिक्षक तिथे कॉम्प्युटरवरून कोरी शांतता चिकटवतात. मीही आधी तेच करायचे. पण ती शांतता मेलेली असते. ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला, तो बोलायचं सोडून स्क्रीनकडे बघायला लागतो. मग मी खरी शांतता रेकॉर्ड करायला लागले. समोर कुणीतरी बसलंय, ऐकतंय, तुझ्या बोलण्याची वाट बघतंय, अशी. गुंडीचं नाक बाराही महिने चोंदलेलं असल्यामुळे तिच्या शांततेत श्वासाची बारीक शिट्टी येते. मला आधी ती काढून टाकायची होती. पण एका विद्यार्थ्याने कळवलं की त्या आवाजामुळे त्याला बोलायची भीड वाटत नाही, म्हणून राहू दिली.

घरच्यांना या शांततेचा ताप होता तो होताच. सासूबाई दाराशी येऊन विचारायच्या, "श्वास घेऊ ना ग, का तोही फाईलमध्ये जातोय?"

त्या दुपारी तंबूत चालू होता तो 'घर' नावाचा धडा. तो आम्ही एका जोडप्यासाठी करत होतो. नवरा दाताच्या कवळ्या बनवतो, बायको शहराची बस चालवते. गुंडीने त्यांचं नामकरण केलं होतं, दातवाले काका आणि बसवाल्या काकू. पहिल्या तासाला काकांनीही छत्र्यांचं वाक्य म्हणून दाखवलं होतं. मी वा म्हटल्यावर विचारलं, ही भाषा कशासाठी शिकायची आहे. काकूंनी उत्तर द्यायच्या ऐवजी कॅमेऱ्यासमोर एक फोटो धरला. चारेक वर्षांची मुलगी, उजव्या मुठीत स्वतःचाच डावा अंगठा धरून उभी, नजर कॅमेऱ्याच्या बाहेर कुठेतरी.

ती आपल्याच देशातल्या एका संस्थेत होती, आमच्या गावापासून रात्रभराच्या प्रवासावर. संस्थेत सगळ्यांत लहान म्हणून तिला छोटी म्हणत. हे दोघं तिला दत्तक घेणार होते.

"ती आमची भाषा शिकेल," काकू म्हणाल्या. "मुलं शिकतात. पण पहिल्या दिवशी काय? माझ्या बसमध्ये रोज कुणीतरी चढतं ज्याला कुठे उतरायचं ते सांगता येत नाही. मला ते चेहरे माहीत आहेत. तिचा तसा नको."

हे त्या त्यांच्या भाषेत बोलल्या. ती मला कामापुरती येते. त्यांच्या देशाचा रेडिओ परक्यांसाठी रोज हळू वाचलेल्या बातम्या टाकतो, त्या ऐकत भांडी घासता घासता मी ती शिकले. त्यामुळे पूर, निवडणुका आणि रस्त्यांची दुरुस्ती या विषयांवर मी त्यांच्या भाषेत न अडखळता बोलू शकते. लहान मुलांबद्दल बातम्यांमध्ये फारसं नसतं.

आम्ही विमानतळ, बाजार, हवामान हे सगळे धडे बाजूला ठेवले. दुखतंय का? कुठे? शू आली? झोप येते? हे नको? बरं, नको. काकूंना हे शेवटचं फार आवडलं. त्या ते बस चालवताना स्वतःशी म्हणायच्या, असं काकांनी सांगितलं. सिग्नल लाल झाला की, बरं, नको.

मोठ्यांची वाक्यं मी म्हणायचे. मुलाची वाक्यंही आधी मीच म्हटली, आवाज बारीक करून. ते ऐकून नवरा म्हणाला, "हा उंदीर कोण?" मग गुंडीला घेतलं. घरात आयती होती. तिला वाचता येत नव्हतं, मी कानात सांगायचे, ती माईकला सांगायची. फक्त 'घर' या धड्याला तिने हरकत घेतली. माझ्या मूळ धड्यात मोठी माणसं मुलाला घर दाखवतात, ही तुझी खोली, हा तुझा पलंग. गुंडी म्हणाली, "आपल्याकडे पाहुणे आले की खोली मी दाखवते. तू नाही." हे खरं होतं. वाद घालायला वेळ नव्हता, सासूबाई उठायच्या आत रेकॉर्डिंग संपवायचं होतं. मी वाक्यं फिरवली. ही माझी खोली. हा माझा पलंग. तू इथे झोप. चल, आपण घरी जाऊ. शब्द तर तेच शिकायचे होते. कोण म्हणतंय याने काय बिघडणार होतं?

फ्रिजचा स्विच बंद करून आम्ही तो धडा त्याच दुपारी पूर्ण केला. स्विच चालू करायचा राहिला, त्यावरून संध्याकाळी बोलणी खाल्ली, तो भाग वेगळा.

ते दोघं इकडे यायला निघायच्या आधीच्या तासाला काकांनी विचारलं, "आणि अडलं तर? ती बोलली आणि आम्हाला कळलं नाही तर?"

"गप्प बसू नका," मी म्हटलं. "लहान मुलांना उत्तरापेक्षा तुमचा आवाज हवा असतो. 'हो बाळा' म्हणायचं आणि जवळ बसायचं."

"हो बाळा," काकांनी लिहून घेतलं. त्यानंतर मी त्यांना आज वार कोणता ते विचारलं. ते म्हणाले, "हो बाळा." आम्ही तिघंही हसलो.

हसण्यासारखं त्यांच्याकडे तेव्हा फार नव्हतं. आधी एकदा दुसऱ्याच एका देशात त्यांचं असंच ठरलं होतं आणि अगदी शेवटी फिसकटलं होतं. त्याबद्दल काकू थेट कधी बोलल्या नाहीत. एकदा सरावासाठी मी 'घर' शब्द वापरून वाक्य करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी केलं, "आमचं घर शांत आहे." वाक्य बरोबर होतं. मी पुढचा शब्द दिला.

या संस्थेची रीत अशी होती की आई-बाप होऊ बघणाऱ्यांनी काही दिवस रोज येऊन मुलाबरोबर बसायचं. तिथल्या ताई दाराशी बसून बघणार. मूल रुळतंय असं त्यांना वाटलं तर पुढे जायचं, नाही वाटलं तर नाही. ताईंना या दोघांचं वाईट करायचं नव्हतं. त्यांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं, "तुमचं बघून मी मूल देत नाही. मुलाचं बघून देते."

ते दोघं आले, एका लॉजवर उतरले आणि पहिल्या भेटीनंतर त्यांनी मला फोन लावला. मी गुंडीचं नाक पुसत होते.

"ती बोलत नाही," काकू म्हणाल्या.

"पहिलाच दिवस आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फोन काकांनी केला. ती टेबलाखाली बसते, अंगठा धरून. हे दोघं जमिनीवर बसतात. दुखतंय का, भूक लागली का, हे नको का, सगळं विचारून झालं. सगळे धडे संपले.

"ती काहीच म्हणत नाही, मग आम्ही पुढचं वाक्य कुठलं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

माझे धडे असे होते खरे. प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी बोलणार असं धरून लिहिलेले. समोरचं माणूस बोललंच नाही तर काय, याचा धडा मी केला नव्हता.

"शेवटी मी छत्र्यांचं वाक्य म्हटलं," काका म्हणाले. "दुसरं काही उरलं नव्हतं. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढंच एकदा."

"मग उद्या एक छत्री घेऊन जा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. ताईंनी त्यांना सांगितलं होतं की अजून दोन भेटी बघू.

चौथ्या दिवशी दुपारी मी सिंकशी उभी असताना काकूंची फाईल आली. तिच्या पाठोपाठ त्यांचा फोन, आधी नुसता आवाज, हसतायत का रडतायत ते कळेना. ती बोलली. खूप बोलली. झालं असं होतं की खोलीत काही सुचेना म्हणून काका कोपऱ्यात बसून, फोन गुडघ्यावर ठेवून, 'घर' हा धडा पुन्हा ऐकायला लागले. ओठ हलवत, मनातल्या मनात. छोटी टेबलाखालून निघाली, येऊन फोनपाशी उभी राहिली आणि बोलायला लागली. काकूंनी घाईघाईने आपल्या फोनवर ते टिपून घेतलं. ताई दाराशी होत्या, दोन पोरांचं भांडण सोडवत. त्यांनी लांबून पाहिलं आणि मान डोलावली.

"एक एक शब्द कळतोय," काकू म्हणाल्या, "पण ती भरभर बोलते. तुम्ही ऐका. ती आमच्याबद्दल काय म्हणते ते सांगा."

मी हात पुसले आणि फोन कानाला लावला.

आधी गुंडीचा आवाज, लहान होऊन आलेला. ही माझी खोली. मग जागा. श्वासाची शिट्टी. त्या जागेत एक दुसरा आवाज, बसका, बरेच दिवस न वापरलेला.

"मोठी आहे?"

हा माझा पलंग.

"आणि मी?"

तू इथे झोप.

"बरं." मग थोडं थांबून, "तुझं नाक गळतं का ग?"

तुला भूक लागली?

"नाही. इथे दिलंय. तू तिथेच असतेस?"

त्यावर काकांचा आवाज, जवळून, मऊ. "हो बाळा."

चल, आपण घरी जाऊ.

"येते," छोटी म्हणाली. "पण तू थांब हं. मी आल्यावर खोली दाखव."

"हो बाळा, हो बाळा," काकू म्हणाल्या.

मी ती फाईल पुन्हा लावली नाही. एकदा ऐकून समजली होती. ती त्यांच्याबद्दल काहीच म्हणत नव्हती. ती गुंडीकडे निघाली होती.

संध्याकाळी नवरा आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे अडकलेल्या माणसांना धीर देण्याची त्याला सवय आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगलंच झालं की. बोलली ना?"

"अरे, तिला वाटतंय गुंडी त्या घरात राहते. म्हणून जाते आहे ती."

"जाऊ दे की. गेल्यावर कळेल. दोन दिवस रडेल. मुलं विसरतात."

सासूबाई वाळलेले कपडे घड्या करत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू विसरलास?"

"मी काय?"

"टॉन्सिल काढायला नेलं तुला, बाजारात जाऊ म्हणून सांगून. एवढासा होतास. आजतागायत माझ्याबरोबर बाजारात आलेला नाहीस."

"ते पिशव्या उचलायला लागतात म्हणून, आई."

"तेच ते," सासूबाई म्हणाल्या आणि त्याचा शर्ट त्याच्याच मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून, "आणि तू उगाच वेळ काढू नकोस. त्या बाईने तिकडे पोरीला कपडेसुद्धा आणले असतील."

आणले होते. मी फोन लावला तेव्हा काकू लॉजच्या पलंगावर एक निळा फ्रॉक पसरून त्याचा फोटो काढत होत्या. ताई त्यांना म्हणाल्या होत्या, उद्याचं बघू, पण मला बरं दिसतंय. काका मागे उभे राहून एकटेच हसत होते.

मी सांगितलं. त्यांच्या भाषेत ही गोष्ट सांगायला माझ्याकडे बातम्यांचेच शब्द होते. मुलीचा असा समज झाला आहे की. प्रत्यक्षात मात्र. त्यामुळे अशी परिस्थिती निर्माण झाली आहे. माझा आवाज मलाच रेडिओवरच्या बाईसारखा वाटला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. काकूंनी फ्रॉकची बाही सरळ केली.

मग कुणीच बोललं नाही. माझ्या धड्यातली पाच-सहा वाक्यं त्यात बसली असती.

"नाही सांगितलं तर?" काकांनी आपल्या भाषेत विचारलं. आपल्या, म्हणजे माझ्या. "ती येणार?"

"येईल."

"सांगितलं तर?"

"माहीत नाही."

ते खाली बसले. कवळ्या बनवणाऱ्या माणसाचे हात बारीक कामाचे असतात. ते त्यांनी मांडीवर उलटे ठेवले, रिकामे.

"सांगायचं," काकू म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. "बस कुठे जाते ते खोटं सांगून मी कुणाला आत घेत नाही. कधीच नाही. बस रिकामी गेली तरी." मग माझ्याकडे बघून, जपून, एकेक शब्द ठेवत, "पण हा धडा आमच्याकडे नाही. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, सांगते.

गुंडीला आधी समजावणं भाग होतं. सकाळी तिचे केस विंचरताना मी सांगितलं. तिने सगळं ऐकलं.

"ती माझ्या खोलीत झोपणार होती?"

"तिला तसं वाटलं."

"मग झोपू दे. मी खाली झोपीन."

"तिची खोली लांब आहे, बाळा. दुसऱ्या देशात. तिथे तू नाहीस."

"मग मी, चल आपण घरी जाऊ, असं का म्हटलं?"

"मी सांगितलं म्हणून."

"तू मला विचारायला हवं होतंस, मी येणार आहे का," ती म्हणाली आणि मान पुन्हा सरळ धरली, भांग नीट पडावा म्हणून.

भेटीच्या वेळी आम्ही दोघी पलंगावर बसलो. रजया खाली घेतल्या होत्या, खिडकी उघडी होती, सासूबाई स्वयंपाकघरात अजिबात आवाज न करता वावरत होत्या. त्यांनी आपण होऊन फ्रिज बंद केला होता, हे मला नंतर दिसलं. तिकडे काकूंनी फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. मला खोली दिसली. पोपटी भिंत, बुटकं टेबल, चारपाच प्लास्टिकच्या खुर्च्या, दाराशी ताई, आणि या वेळी त्यांच्याजवळ दुसरं एकही मूल नव्हतं. काका जमिनीवर. त्यांच्या शेजारी खरोखरच एक छत्री होती.

मग स्क्रीनवर नुसतं कपाळ आलं.

"ती कुठेय?" कपाळ म्हणालं.

गुंडी पुढे सरकली. छोटीही मागे झाली, तेव्हा पूर्ण चेहरा दिसला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. लहान मुलं बघतात तसं, लाज न वाटता, वरपासून खालपर्यंत.

"ही नाही," छोटी म्हणाली. "ती वेगळी आहे. ती फोनमध्ये असते."

"मीच आहे ती," गुंडी म्हणाली.

"म्हण मग."

गुंडीने सवयीने माझ्या बोटाकडे पाहिलं. मी बोट वर केलं आणि खाली आणलं.

"ही माझी खोली," गुंडी म्हणाली, अगदी त्याच सुरात, आणि थांबली. नाकातून शिट्टी वाजली. छोटीने डोळे मिटून ती ऐकली.

"हां," ती म्हणाली. "तूच."

ताई खुर्ची ओढून थोड्या जवळ आल्या. आता मी बोलायचं होतं. मी आदल्या दिवशी मनात वाक्यं जुळवली होती, सोपी, धड्यातल्यासारखी. त्यातल्या एका शब्दावर मी तेव्हाही अडले होते आणि आताही अडले. त्या दोघांना तिच्यासमोर काय म्हणायचं? काका-काकू म्हटलं तर ते फार कमी होतं. दुसरं म्हणायचा अधिकार मला नव्हता.

"ही माझी मुलगी आहे," मी म्हटलं. "ही इथे राहते, माझ्याजवळ. ही जी खोली म्हणते ना, ती आमच्या घरातली आहे. ते दोघं तुला त्यांच्या घरी नेणार आहेत. तिथे तुला खोली आहे. पलंग आहे. खिडकी पण आहे, मी पाहिली आहे. पण तिथे ही नसेल."

"नंतर येईल?"

"नाही, बाळा. फोनवर बोलेल. पण राहायला नाही येणार."

छोटीने उजव्या मुठीत डावा अंगठा धरला. काकूंनी ते पाहिलं, आणि काकांनीही. त्यांना किती कळलं होतं ते मला सांगता येणार नाही, पण दोघांपैकी कुणीही हो बाळा म्हणालं नाही. काकांनी तोंड उघडलं होतं, काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ताई कुणाकडेच बघत नव्हत्या. इकडे गुंडीचा श्वास, तिकडे बाहेर कुठेतरी बादली ठेवल्याचा आवाज. माझं बोट पुन्हा वर गेलं होतं, हे बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं. मी ते तसंच राहू दिलं.

छोटी वळली. तिने आधी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा काकूंकडे. कुणाच्या घराचं दार उघडं असावं आणि उंबऱ्याशी उभं राहून आत वाकून बघावं, तसं. घाईने नाही. काकूंनी नजर काढली नाही. त्यांच्या मांडीवर निळा फ्रॉक होता, घडी घातलेला.

मग ती परत फोनपाशी आली. पाण्याचा जग हलला, स्क्रीनवर भिंत आली, छत आलं, मग फक्त तिचं तोंड, अगदी जवळ. त्या दोघांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज खाली आणला.

"मग त्यांच्या घरी कोण बोलतं?"